२० हजार जनुकांचा हिशेब

माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २० हजार आहेत. सी. एलेगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीतही ती सुमारे २० हजारच आहेत. प्रजननपेशी वगळल्या तर प्रौढ उभयलिंगी कृमीचे शरीर ९५९ पेशींत संपते. माणसाला ३० लाख कोटींहून अधिक पेशी लागतात.

माणसाच्या जनुकांचा अंदाज १९९०च्या दशकात १ लाखापर्यंत जात होता. २००१ मध्ये तो ३० ते ४० हजारांवर आला, २००४ मध्ये २० ते २५ हजारांवर. जनुके जास्त म्हणजे शरीर गुंतागुंतीचे, हे गृहीतक तिथेच निकालात निघाले.

कृमीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, १० कोटी अक्षरांचा आहे, माणसाचा ३१० कोटींचा. माणसाच्या या मजकुरात प्रथिनांचा वाटा जेमतेम १.५ टक्का. एखादे जनुक कोणत्या अवयवात, केव्हा आणि किती वेळ चालू राहायचे, हे ठरवणारे स्विच बहुतांशी उरलेल्या भागात विखुरलेले आहेत. हा सगळाच भाग कामाचा आहे, असे मात्र मानता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फुप्फुसमाशाचा जीनोम ४,३०० कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे माणसाच्या सुमारे १४ पट.

स्विचचे वजन किती, ते सापावरून मोजता येते. हातपाय घडवण्यात ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचा मोठा वाटा असतो. भ्रूणात हातपाय फुटतात त्या कळीत ते चालू करणारा झेडआरएस हा स्विच सुमारे ८०० अक्षरांचा आहे. माणसात तो या जनुकापासून जवळपास १० लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. डीएनएची घडी पडते तेव्हा दोघे जवळ येतात. या स्विचमधले एक अक्षर बदलले तरी माणसाला जादा बोट येऊ शकते. सापांच्या झेडआरएसमधून १७ अक्षरे गळाली आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या जीनोममध्ये सापाचा स्विच बसवला, तेव्हा त्यांचे पाय खुंटले. अजगराच्या स्विचमध्ये ती १७ अक्षरे परत घातली, तेव्हा पाय पूर्ववत वाढले. सापाने जनुक गमावलेले नाही. मेंदू आणि मज्जारज्जू घडवायला ते लागतेच. गेले ते फक्त पायांपुरते बटण, आणि उत्क्रांतीला शरीराचा एक भाग बाकीच्याला धक्का न लावता बदलता येतो तो असा.

डोक्यापासून शेपटीपर्यंत शरीराचे भाग ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांत मात्र हिशेब रांगेचा आहे. फळमाशीत ती ८ आहेत, ५ आणि ३ अशा दोन गटांत. गुणसूत्रावरचा त्यांचा क्रम आणि डोक्याकडून शेपटीकडे त्यांच्या कामाचा क्रम एकच, हे एडवर्ड लुईस यांनी १९७८ मध्ये मांडले. त्यांना १९९५ चे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता. माणसात अशा चार रांगा आहेत. गुणसूत्र २, ७, १२ आणि १७ वर अनुक्रमे ९, ११, ९ आणि १० जनुके, एकूण ३९. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम दोनदा दुप्पट झाला. चार रांगांत प्रत्येकी १३ जागा धरल्या तर ५२ जनुके हवीत, म्हणजे १३ जागा रिकाम्या आहेत. झेब्राफिशच्या वंशात तो आणखी एकदा दुप्पट झाला. तिच्याकडे ७ रांगा आहेत, जनुके मात्र ५०च्या आतच. नक्कल झालेले सगळे टिकत नाही.

रांगेला अपवादही आहे. ऑइकोप्लुरा या इवल्याशा सागरी जिवात ९ हॉक्स जनुके आहेत आणि रांग मोडून ती जीनोमभर पांगली आहेत. तरीही त्याचे शरीर घडते.

गुणसूत्रांच्या संख्येवरूनही शरीर ठरत नाही, हे सह्याद्रीतल्या भेकरात दिसते. त्याच्या मादीत ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, तर चीनमधल्या त्याच्या भाईबंदात ४६. दिसायला दोघे बरेचसे सारखे. भेकराची गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झाली आहेत. त्यांच्यावरच्या जनुकांचे शेजारी बहुतांशी पूर्वीचेच आहेत.