फेफऱ्याला कांदा नको, नेमाने उपचार हवा



कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की आपण दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राची पायरी चढतो. बैल लंगडू लागला तर तासाभरात जनावरांच्या दवाखान्यात नेतो. पण घरातल्या लेकराला फीट आली, की वर्ष-दोन वर्षे अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे यांतच निघून जातात. तेवढ्या काळात पोर शाळेतून निघते, आणि मुलगी असेल तर घरातल्या घरात कोंडली जाते.

मी शेतीखात्यातला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण भोकरदनपासून परतूरपर्यंत बांधाबांधाने हिंडताना हे दुखणे घराघरांत दडवलेले पाहिले आहे. म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून या आजाराविषयी चार गोष्टी सांगतो.

फीट म्हणजे काय?

कोणी याला मिरगी म्हणतात, कोणी फेफरे, कोणी आकडी. वैद्यकात याचे नाव अपस्मार. आपल्या मेंदूचे सारे काम अगदी बारीक विजेच्या लहरींवर चालते. गावातले सगळे पंप एकाच वेळी सुरू झाले तर डीपीचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. तसेच मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम भडकल्या की शरीराचा ताबा सुटतो, माणूस पडतो, हातपाय झाडतो. काही जणांची नुसतीच शुद्ध हरपते. लेकरू जेवता जेवता क्षणभर शून्यात बघत बसते आणि आपण त्याला ‘लक्ष कुठंय?’ म्हणून रागावतो. तीही फीट असू शकते.

यात भूत नाही, बाधा नाही, आणि हा आजार शिवल्याने होत नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वेळेवर निदान आणि योग्य उपचार झाले तर यातल्या १०० पैकी ७० जणांचे झटके पूर्ण थांबू शकतात. म्हणजे बहुतेक घरांतले हे दुःख टाळण्यासारखे आहे.

शेताच्या बांधावरून येणारे एक कारण

डोक्याला मार, बाळंतपणात बाळ गुदमरणे, मेंदूज्वर, पक्षाघात अशी कारणे पुष्कळ आहेत. कित्येकदा कारण सापडतही नाही. पण एक कारण आपल्या हातातले आहे. पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. उघड्यावर शौचाला बसल्याने ती माती-पाण्यात मिसळतात आणि कोथिंबीर, मेथी, मुळा यांच्यावरून कच्चीच पोटात जातात. तिथून अळी मेंदूत पोचून गाठ धरते आणि फीट येऊ लागते. आपल्या देशात फिटचे हे एक मोठे कारण आहे. माळकरी माणसालाही ते चुकत नाही, कारण अंडी भाजीवरून, पाण्यातून आणि हातावरून येतात.

तेव्हा मैल्याच्या नाल्याचे पाणी भाजीपाल्याला देऊ नका. कच्ची खायची भाजी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. संडास वापरा आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.

गोळ्यांची कहाणी

या आजारावरची औषधे माणसाने मोठ्या चिकाटीने शोधली आहेत. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान या डॉक्टरांनी झोपेसाठीचे फिनोबार्बिटोन रोग्यांना दिले, आणि झोपेबरोबर त्यांचे झटकेही कमी झाल्याचे त्यांना दिसले. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनाम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. ते गुंगी कमी आणत असे. व्हॅलप्रोएटची गंमत तर निराळीच. फ्रान्समध्ये दुसरी औषधे विरघळवायला ते वापरत होते. १९६२ साली ध्यानात आले, की विरघळवणारा पदार्थच फीट थांबवतो! पुढे कार्बामाझेपिन आले, लेव्हेटिरासिटाम आले, आणि अजूनही नवी औषधे येतच आहेत.

जुन्या गोळ्या स्वस्त असल्या तरी कमअस्सल नाहीत. कर्नाटकात येळंदूर भागातल्या खेड्यांत डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या दोनच औषधांवर रोग्यांना वर्षानुवर्षे सांभाळले. त्याचा अहवाल २००१ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साध्या गोळ्या आणि नेमाने पाठपुरावा एवढ्यावर खेड्यातही हा आजार आटोक्यात येतो, हे त्यातून दिसले.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी ५२५ रोग्यांचा अभ्यास करून २००० साली आकडे मांडले. पहिल्याच औषधाने १०० पैकी ४७ जणांचे झटके थांबले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ जणांचे थांबले. त्यानंतर मात्र औषधे बदलून फारच थोड्यांना गुण आला.

दोन औषधांनीही फीट थांबली नाही तर?

नीट निवडलेली दोन औषधे पुऱ्या मात्रेत आणि नेमाने घेऊनही झटके थांबले नाहीत, तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा रोग्याने गोळ्या बदलत वर्षे घालवू नयेत. मेंदूच्या तज्ज्ञाकडे, मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे मेंदूचा आलेख आणि एमआरआय काढतात. बिघाड एकाच जागी असेल आणि ती जागा काढण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रियेने पुष्कळांना आराम पडतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही ही सोय आहे.

शस्त्रक्रिया जमण्यासारखी नसेल तर आणखी एक वाट आहे. ती मज्जातंतूला विजेचे हलके ठोके देण्याची. मेंदूतून निघून मानेवाटे काळजाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे. अमेरिकेत झबारा या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा ही नस चेतवल्यावर झटका थांबतो असे दिसले. १९८८ साली पहिल्या माणसाला असे यंत्र बसवले, आणि १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

हे यंत्र खिशातल्या घड्याळाएवढे असते. ते छातीवर डाव्या बाजूला कातडीखाली बसवतात आणि त्याची तार मानेतल्या नसेला जोडतात. ते दर काही मिनिटांनी अर्धा मिनिट बारीक ठोके देते. झटका येणार असे वाटले तर वरून लोहचुंबक फिरवून जादा ठोका देता येतो. त्याने आवाज घोगरा होतो, खोकला येतो. कालांतराने साधारण निम्म्या रोग्यांचे झटके अर्ध्यावर येतात. पूर्ण थांबणारे थोडे. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, बॅटरी संपली की बदलावी लागते, आणि खर्च लाखांत जातो. थेट मेंदूत तार बसवून ठोके देण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत. त्यांतल्या दोन पद्धतींना अमेरिकेत २०१३ आणि २०१८ साली मान्यता मिळाली.

हे सांगण्याचा हेतू एवढाच, की यंत्राचे नाव ऐकून कोणी जमीन गहाण टाकायला धावू नये. आधी दोन औषधांची वाट नीट चालून पाहावी. पण ती संपली म्हणून हातपायही गाळू नयेत.

शेतकऱ्याच्या घरातली पथ्ये

औषध डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नका. चार महिने झटका आला नाही, म्हणजे रोग गेला असे नाही. एकदम गोळी सोडली तर झटक्यावर झटके येऊन जिवावर बेतते. साधारणपणे किमान दोन वर्षे झटका नसेल, तरच डॉक्टर हळूहळू मात्रा कमी करण्याचा विचार करतात.

जागरण हा फिटचा मोठा वैरी मित्र. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की पाण्याची पाळी कोणावर येते? बहुधा घरातल्या तरुण पोरावर. त्याला हा आजार असेल तर ती पाळी दुसऱ्याने घ्यावी. त्याने विहिरीच्या काठावर, मळणीयंत्रावर, मोटारीच्या पेटीजवळ एकट्याने काम करू नये. ट्रॅक्टर चालवू नये. दारूपासून दूर राहावे. बाईमाणसाने चुलीजवळ एकटे बसू नये. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅलप्रोएटसारखी गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. पण तीही स्वतःच्या मनाने सोडू नये.

समोर कोणाला फीट आली तर कांदा, चप्पल, किल्ल्या यांच्यामागे धावू नका. माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आसपासचे विळा-खुरपे दूर करा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. ५ मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर १०८ ला फोन करा.

लग्नाची गोष्ट

पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे हे लग्नाच्या आड येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी अशा रोग्यांसाठी ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला आणि लग्ने जुळवण्याचे कामही हाती घेतले. कायदा बदलला, आता आपण बदलायचे आहे. आजार लपवून लग्न लावले की सासरी लेक गोळ्या चोरून घेते, मग चुकवते, आणि झटका यायचा तो येतोच. आधी सांगून जुळलेले स्थळच तिच्या हिताचे.

तुमच्या घरात किंवा भावकीत असे कोणी असेल, तर एका वहीत झटक्याची तारीख, वेळ आणि किती मिनिटे चालला ते लिहून ठेवा. जमले तर मोबाइलवर चित्रण करा. ती वही घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जा. तिथून पुढे पाठवले तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा. पिकाची नोंद आपण ठेवतोच. लेकराच्या झटक्यांचीही ठेवूया, डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.