सेल गेलाय की कॅमेरा?

हल्ली हॉस्टेलवर जुने डिजिटल कॅमेरे परत दिसायला लागलेत. कुणी काकांचा आणतो, कुणी ताईचा. मोबाइल खिशात असताना हे कशाला, असं मेसमध्ये विचारून झालंय. उत्तर कुणी धड देत नाही. पण यातले निम्मे कॅमेरे 'बॅटरी बदला' असं सांगून डोळे मिटतात आणि मग पुन्हा कपाटात जातात. त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

तर झालं असं. आमच्या ग्रूपमधला एक जण मुलुंडचा. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने अंधेरी. सबमिशनच्या आठवड्यात मात्र तो आमच्याच रूमवर पडीक! दिवाळीत घर आवरताना त्याला बाबांचा 2006 साली घेतलेला कॅमेरा सापडला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बाबा आता नाहीत, त्यामुळे या डबड्याची किंमत त्याच्या लेखी वेगळी होती. आम्ही तो घेऊन बोरिवलीला कान्हेरी लेण्यांत गेलो. वाटेत एका टपरीवर सेल घेतले. तीन फोटो निघाले. चौथ्याला लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली आणि स्क्रीन काळी. परत येताना स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला, "बोर्ड गेला. भंगारात टाका." गाडीत आमचा मित्र एक शब्द बोलला नाही.

बोर्ड गेला नव्हता. आधी सेलचं बघू.

टपरीवर मिळणारा स्वस्त सेल बहुतेक वेळा झिंक-कार्बनचा असतो. तो भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालतो, कारण घड्याळाला करंट लागतो चिमूटभर. कॅमेऱ्याचं तसं नाही. लेन्स बाहेर ढकलणारी मोटर, मागची स्क्रीन आणि फ्लॅशचा कपॅसिटर ही तिन्ही मंडळी खादाड. मोठा करंट मागितला की सेलच्या आतल्या रेझिस्टन्समध्येच व्होल्टेज खर्ची पडतं आणि बाहेर उरतं थोडं. ते ठरावीक पातळीच्या खाली गेलं की कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. लेन्स अर्ध्यात अडकते ती यामुळेच. सेलमध्ये ऊर्जा असते, पण ती झटकन देता येत नाही. म्हणून "रिमोटमध्ये तर चालतोय!" हा पुरावा इथे चालत नाही.

मग मित्राने घरून जुने रिचार्जेबल सेल आणले, निकेल-मेटल हायड्राइडचे. यांचं व्होल्टेज 1.2 लिहिलेलं बघून घाबरू नका. आतला रेझिस्टन्स कमी असल्याने कॅमेऱ्याला तेच मानवतात. रात्रभर चार्ज केले, मल्टिमीटर लावला. एकावर 1.31 व्होल्ट, दुसऱ्यावर 1.28. दोन्ही ठणठणीत! तरी कॅमेरा पाच सेकंदांत बंद.

इथेच बहुतेक जण फसतात. नुसत्या मीटरला सेल करंट देतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा त्याचं खरं रूप दिसणार कसं? लॅबमधल्या असिस्टंट काकांकडून 2.2 ओहमचा, 5 वॅटचा पांढरा रेझिस्टर मागून आणला. तो सेलला जोडून पाचेक सेकंद व्होल्टेज बघितलं. पहिला सेल 1.24 वर थांबला. दुसरा धाडकन 0.93! आता ओहमचा नियम लावा. पहिल्यातून 0.56 अँपिअर गेले आणि 0.07 व्होल्ट पडले, म्हणजे आतला रेझिस्टन्स साधारण 0.13 ओहम. दुसऱ्यातून 0.42 अँपिअर आणि 0.35 व्होल्ट, म्हणजे 0.83 ओहम. लेन्स सरकताना 1 अँपिअर लागतो असं धरलं, तर दोघांचे मिळून 2.59 व्होल्ट असायला हवेत तिथे 1.63 उरतात. एका आजारी सेलने जोडीदारालाही घेऊन बुडवलं. (मीटर करंटच्या रेंजवर ठेवून थेट सेलला लावू नका. ते शॉर्ट सर्किट होतं. आमच्या रूममध्ये एका मीटरचा फ्यूज असाच शहीद झालाय.)

तेव्हा सेलवर मार्करने जोडीचे नंबर टाका आणि जोडी फोडू नका. जुने निकेलचे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बऱ्यापैकी उतरतात. 2005 मध्ये सान्योने 'एनेलूप' आणले तेव्हापासून कमी उतरणारे सेल मिळू लागले. घ्यायचेच तर तसले घ्या. आणि एक फार महत्त्वाचं: दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा, पण 3.7 व्होल्टचा लिथियम सेल बाजारात मिळतो. असे दोन टाकले तर कॅमेऱ्याला 3 ऐवजी 7-8 व्होल्ट जातील आणि मग मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं होईल.

आम्ही नवे सेल टाकले. कॅमेरा चालू झाला, पण हलवला की बंद. बॅटरीचं दार उघडून टॉर्च मारला, तर स्प्रिंगवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी. कधीतरी अल्कलाइन सेल आतच राहून गळला होता. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची पांढरी पूड होते, आणि मुंबईचा दमट पावसाळा उरलेलं काम करतो. अशा सांध्यात 0.3 ओहम जरी वाढला, तरी 1 अँपिअरला 0.3 व्होल्ट तिथेच गडप.

अल्कली आहे, म्हणजे उतारा आम्लाचा. कानकाडीचा कापूस व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून (मेसमधलं लिंबूही चालतं) हलकेच पुसलं. कापूस निथळता नको, थेंब आत गेला तर नवी पीडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर उघडं ठेवलं. ती पूड हाताला, डोळ्याला लागू देऊ नका. नुसता काळपटपणा असेल तर खोडरबर पुरतो. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून गंज लवकर चढतो. दाराच्या आतली पट्टीही पुसा, दोन्ही सेल जोडणारी तीच असते. दाराची खिट्टी झिजली असेल तर सेलवरचा दाब कमी पडतो; आम्ही सध्या रबरबँड लावलाय. दिसायला भिकार, पण काम चोख.

बॉडी मात्र उघडायची नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

दर वेळी तारीख विचारत असेल, तर तो बहुधा आतल्या बटण सेलचा आजार. फोटोंना त्याने काही होत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यात चपटी लिथियम बॅटरी आहे त्यांनी आधी ती फुगली आहे का बघावं. फुगली असेल तर टोचू-दाबू नये, चार्जही करू नये, ई-कचऱ्यात द्यावी.

मुलुंडचा कॅमेरा आता चालतो. त्याच्या कार्डावर आधीचे 41 फोटो निघाले, बरेचसे हललेले. मित्राने ते आधी दोन ठिकाणी कॉपी केले, मगच आम्हाला बटण दाबू दिलं. काम झालं की सेल काढून ठेवतो.

2.2 ओहमचा रेझिस्टर अजून आमच्याच रूमवर आहे (काका, परत देतो!). कुणाला सेल तपासायचे असतील तर रात्री जेवणानंतर यावं. सेल आपापले आणावेत.