दुखत नाही, तोवरच दात भरा!

दाढेवर काळा ठिपका दिसतो, पण दुखत नाही; मग दवाखान्यात कशाला जायचे, असे तुम्हांला वाटेल. पण दाताच्या वरच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसाच नसतात, दुखणार कसे? ही कीड म्हणजे किडा नव्हे, बरे का! तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्यात इनॅमल विरघळते. त्यात जिवंत पेशी नसल्याने पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही.

दंतवैद्य किडलेला भाग कोरून काढतात व खड्डा भरतात. 'चांदी' टिकाऊ असते. पण तिच्यात सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तिचा वापर जगभर कमी होत आहे. ग्लास आयोनोमर सिमेंटमधून दाताला उपयुक्त फ्लोराइड मिळते. मात्र ते लवकर झिजते. दाताच्या रंगाचे कंपोझिट निळ्या प्रकाशात काही सेकंदांत घट्ट होते. ते बहुधा महाग पडते.

ठणका लागेपर्यंत थांबलात, तर कीड आतल्या मगजापर्यंत पोचलेली असू शकते. मग एका खेपेच्या कामाऐवजी रूट कॅनॉल, वर टोपी आणि कित्येक पट खर्च! सरकारी दंत महाविद्यालयांत हेच उपचार पुष्कळ स्वस्तात होतात. तेव्हा ठिपका दिसताच दात दाखवून घ्या.