पुढची तारीख कोणती?

"तुमचं रोजचं की सहा महिन्यांचं?" हाडांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलेल्या बायकांची ओळख या प्रश्नाने होते, नाव-गाव मागाहून. रोजचं म्हणजे टेरिपॅराटाइड, पोटावर किंवा मांडीवर आपलं आपण टोचून घ्यायचं. सहा महिन्यांचं म्हणजे डेनोसुमॅब. तिसरं झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा शिरेतून चढवतात. त्याला आमच्या चिपळुणात सगळ्या 'वर्षाचं सलाईन' म्हणतात. मी रोजचं पुरं करून वर्षाच्या सलाईनवर आले आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे या औषधांचं कसं आणि का हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

माझा मणका पडून मोडला नाही. मोरीतली भरलेली बादली उचलली आणि पाठीत कळ आली. घरच्यांना वाटलं उसण भरली, म्हणून तेल चोळलं, शेक दिला. कळ हटेना तेव्हा एक्सरे काढला, तर छातीच्या मणक्यांतला सगळ्यांत खालचा, बारावा मणका पुढून दबलेला निघाला. मग डेक्सा नावाची तपासणी झाली. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी आपली घनता ताडून ती एक आकडा देते. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये आखून दिली. माझा आकडा उणे ३.४ होता.

हाड स्थिर वाटतं, पण जुन्या घराची एकीकडे भिंत उतरवावी आणि दुसरीकडे चढवावी, तसं त्यात काम कायम चालू असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि उतरवणाऱ्या पेशी पुढे जातात. हाडांची बहुतेक औषधं या पेशींना आवरतात. टेरिपॅराटाइड मात्र चढवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकात ८४ अमिनो आम्लं असतात, त्यांतला पहिल्या ३४ आम्लांचा तुकडा म्हणजे हे औषध. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेलं राहिलं तर हाड झिजतं, आणि दिवसातून एकदाच थोडा वेळ वाढून उतरलं तर हाड तयार होतं. म्हणून रोज एकदा, २० मायक्रोग्रॅम. हे कळल्यावर रोजच्या सुईबद्दलची माझी कुरकुर थांबली.

सुई दुखते का, हे प्रत्येक नवी बाई विचारते. इन्सुलिनच्या सुईसारखी ती बारीक असते; डास चावतो त्याहून जास्त कळत नाही. पहिल्या दिवशी हात थरथरला, पंधरवड्यात सवय झाली. सुई दरवेळी नवी लावायची, दाबल्यावर काही सेकंद आत तशीच ठेवायची आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवायच्या. घरात लहान नातू असेल तर ही बरणी कपाटाच्या वरच्या फळीवरच हवी. सुरुवातीला इंजेक्शननंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मणका दबलेल्या बाईला पडणं परवडत नाही, म्हणून डॉक्टरांनी रात्री झोपण्याआधी पलंगावर बसून घ्यायला सांगितलं. थोड्या दिवसांत ती अंधारी गेली. पोटऱ्यांत गोळे मात्र अधूनमधून येत राहिले.

खरी कसोटी फ्रीजची. औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. पहिल्यांदा वापरल्यापासून २८ दिवसांनी आत औषध उरलं तरी पेन बाद. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती कधीकधी रात्रभर येत नाही. तशा वेळी फ्रीजचं दार उघडायचं नाही, ही शिस्त सगळ्या घराने पाळली. मुंबईला लेकीकडे जाताना थर्मास पिशवीत बर्फाची पाकिटं, त्यांवर टॉवेलची घडी आणि मग पेन. पेन बर्फाला थेट टेकता कामा नये.

पेनाबरोबरचा कागद वाचून लेक घाबरली होती. उंदरांना मोठ्या मात्रेत हे औषध दिल्यावर हाडांचा कर्करोग दिसला होता. पण माणसांत इतक्या वर्षांच्या वापरानंतर तसा धोका वाढलेला आढळला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२०मध्ये त्याबद्दलची ठळक चौकटीतली सूचना काढली. तरीही ज्यांच्या हाडांना किरणोपचार झाले आहेत किंवा ज्यांच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांना ते देत नाहीत. मी लेकीला दुसरा आकडा दाखवला. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीच मणका मोडलेल्या १६३७ स्त्रिया होत्या. नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरात १४ जणींचे आणखी मणके मोडले. औषध घेणाऱ्यांत ५ जणींचे. महिन्याला काही हजार रुपये घालायचे की नाही, हे घरात त्या आकड्यावर ठरलं. भारतीय कंपन्या हे औषध बनवतात म्हणून आमच्यासारख्यांना ते निदान विचारात तरी घेता येतं.

हे औषध साधारण २ वर्षं देतात. पुढे काय? हा प्रश्न बाकावरच्या फार थोड्या बायका विचारतात, आणि माझं सगळं सांगणं इथेच आहे. नवं हाड राखायला दुसरं औषध लगेच सुरू केलं नाही तर कमावलेलं पुन्हा झिजायला लागतं. मला शेवटच्या पेनानंतर लगेच सलाईन दिलं. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झाली, दाताच्या डॉक्टरांना दाखवलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. सलाईन अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि अंग मोडून निघालं. पॅरासिटामॉलवर तो दोन-तीन दिवसांत उतरला. हे पहिल्या वेळी अनेकांना होतं, पुढच्या वेळी बरंच कमी. माझ्या जाऊबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. औषध बाधलं असं समजून त्यांनी दुसऱ्या वर्षी ते घेतलंच नाही. आधी बोललेल्या एका वाक्याने त्यांचं ते वर्ष वाचलं असतं.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनात तर तारीख हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. डेनोसुमॅब हाड उतरवणाऱ्या पेशींना जवळजवळ थांबवतं, पण त्याचा असर हाडात साठून राहत नाही. तो उतरला की थोपवलेल्या पेशी एकदम उसळतात, आणि काहींचे अनेक मणके एकामागोमाग मोडतात. देवरुखच्या एक बाई भेटल्या होत्या. इंजेक्शनं नीट चालली होती, दुखत काही नव्हतं. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि पुढचं इंजेक्शन राहिलं. काही महिन्यांनी खोकताना पाठीत कळ आली. तीन मणके दबले होते. 'उशीर चालत नाही हे मला कुणी बोललंच नाही हो', एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत हाडांच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी संयुक्तपणे सांगितलं होतं की हे इंजेक्शन लांबवू नका, आधीच्या इंजेक्शनला सात महिने उलटू देऊ नका. ते बंद करायचं असेल तरी त्याच्या जागी दुसरं औषध आधी ठरलेलं हवं. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही, म्हणून 'आता बरं वाटतंय' हे थांबण्याचं कारण होऊ शकत नाही.

तान्ह्या बाळाच्या लसींचं कार्ड गरिबातल्या गरीब घरातही जपलेलं असतं. साठीच्या बाईच्या हाडांच्या इंजेक्शनासाठी तसं कार्ड का नसावं? मी आमच्या डॉक्टरांकडे हा आग्रह धरला आहे. तोवर बाकावर भेटणाऱ्या बायकांना पुठ्ठ्यावर लिहून देते: औषधाचं नाव, शेवटची तारीख, पुढची तारीख, हे संपल्यावर कोणतं, आणि दात काढायचा झाला तर आधी कुणाला फोन करायचा. मागच्या बाजूला सुनेचा किंवा मुलाचा नंबर लिहायला सांगते, कारण पुढची तारीख घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असायला हवी.