ताणावर सोडलेली बाग

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सनीव्हेलमध्ये पाचच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर पार्किंगचे दिवे लागलेले असतात आणि हातातलं काम अर्धंही झालेलं नसतं. २१ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, इथे जेमतेम साडेनऊ तासांचा. माझ्या माहेरी वरूडला त्याच दिवशी पावणेअकरा तास उजेड असतो, त्यामुळे तिकडे हा फरक कुणाच्या फारसा लक्षातही येत नाही. (आणखी एक गंमत म्हणजे लहान दिवस सरला तरी सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उशिराच होत जातो. मुलांना शाळेसाठी उठवणाऱ्या आयांना हे पंचांग न बघताच ठाऊक असतं!)

साडेचौदा तासांची रात्र म्हणजे मस्त झोप, असं भारतातल्या नातेवाइकांना वाटतं. पण हिवाळ्यात आपल्या दोन घड्याळांमध्ये साडेतेरा तासांचं अंतर असतं. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे पुण्यात, बंगळूरमध्ये सकाळचे दहा. जेवणाची ताटं उचलली की लॅपटॉप उघडतात. रविवारही सुटत नाही, कारण तिकडे सोमवार उजाडलेला असतो. यंदा तर २१ डिसेंबर रविवारीच आलाय.

रजा मिळत नाही असंही नाही. नाताळ ते नववर्ष इथल्या बऱ्याच कंपन्या बंदच असतात. पण निवांत व्हायला जीव धजत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घराचं भाडं, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांना बांधलेलं. म्हणून सुट्टीतही फोन उशाशी असतो. याला कुणी पैशाची हाव म्हणो, माझ्या मते ती भीती आहे, आणि ती खोटी नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी कम्युनिटी सेंटरपाशी काम होतं. त्याला लागूनच ऑर्चर्ड हेरिटेज पार्क आहे, शहराने राखून ठेवलेली सुमारे १० एकरांची जर्दाळूची बाग. सिलिकॉन व्हॅली हे नाव पडायच्या आधी हे सगळं खोरं जर्दाळू, चेरी आणि प्लमच्या बागांचं होतं. सनीव्हेलमध्ये फळं डबाबंद करण्याचा लिबीचा मोठा कारखाना होता. त्याची पाण्याची टाकी अजून उभी आहे, फळांच्या डब्यासारखी रंगवलेली. बाकी बागा गेल्या आणि त्या जागी आपण आलो.

आत्ता त्या बागेत एक पान नाही. नुसत्या काळ्या काटक्या. नव्याने आलेल्याला वाटेल, झाडं मेली. पण जर्दाळूला ही थंडी लागतेच. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली काही शे तास काढल्याशिवाय तो नीट फुलत नाही. हिवाळा उबदार गेला तर फुलं मागेपुढे येतात आणि फळ कमी धरतं. इथले बागायतदार हे थंडीचे तास चक्क मोजतात.

आमच्या वरूडच्या संत्र्याला एवढी थंडी कुठून मिळणार? तिथे विश्रांती हाताने द्यावी लागते. अंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी काळी असेल तर दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. मग जानेवारीत मशागत करायची, खत घालायचं, पाणी सोडायचं. काही आठवड्यांत बाग पांढऱ्या फुलांनी भरते आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. याला म्हणतात ताण देणं. लहानपणी मला ती झाडं बघवत नसत. बाबा म्हणायचे, "झाडाले बी आराम लागते, बाई." दया येऊन पाणी सुरूच ठेवलं तर झाड हिरवंगार दिसतं, फक्त फुलत नाही.

इकडे ताण म्हटलं की आपल्याला डोकेदुखी आणि गोळ्या आठवतात. बागायतदाराचा ताण त्याच्या बरोब्बर उलटा! फरक एवढाच की संत्र्याचं पाणी तोडायला मालक असतो. आपली रात्रीची मीटिंग दुसरं कुणी येऊन तोडत नाही.

आम्ही यंदा धुंधुरमासाचा आधार घेतलाय. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. उजाडायच्या आत जेवायचं: मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. सनीव्हेलमध्ये सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणजे पावणेसातला पानं मांडली तरी चालतं. एल कॅमिनोवरच्या भारतीय दुकानात बाजरीचं पीठ मिळतं. खरी अडचण आदल्या रात्रीची आहे, कारण पहाटे भाकऱ्या थापायच्या तर रात्री दहाला दिवे मालवावे लागतात. तेव्हा २१ तारखेच्या मीटिंगला मी नाही, असं टीमला कळवून टाकलंय, आणि पुढचे दहा दिवसही नाही. उत्तर म्हणून एक अंगठा आला. त्याचा अर्थ काय, यावर नवऱ्याने आणि मी अर्धा तास खल केला.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस पाणी तोडलं?"

"दहा."

"दहा दिवसांत काय होते? लयच हलकी जमीन दिसते तुमची."