पूर ओसरल्यावर उरलेलं काम

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, भुसावळजवळून आणि पुढे प्रकाशा तीर्थावरून खान्देश ओलांडते, उकाईच्या धरणात थांबते आणि मग सुरतेत येते. आपल्या मंडळातली बरीच कुटुंबंही याच वाटेनं इथं आली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनची गाडी धरायची, उधन्याला उतरायचं, लूम्सच्या खात्यात काम धरायचं आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्याकडे एक खोली बघायची. माझे आप्पा शहाद्याजवळच्या खेड्यातून असेच आले. सुरती माणूस तापीच्या पुराला ‘रेल’ म्हणतो. आमच्या घरात मात्र म्हणायचे, ‘गावाकडचं पाणी आलं.’

मंडळाच्या कार्यक्रमात दहावी-बारावीची मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो : “ताई, मला नक्की काय करायचंय तेच कळत नाही.” आपली मोठी माणसं त्यावर सांगतात, देवानं ज्याला त्याला काम वाटून दिलेलं असतं. मुलांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त असतो : ते कळणार कसं? मी गेली अनेक वर्षं नर्स म्हणून काम करते. मला ते कसं कळलं, तेवढंच इथं सांगते.

नारळी पौर्णिमेचं पाणी

ऑगस्ट २००६. मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. पुढे सी.ए. व्हायचं, हे घरात ठरलेलं होतं. कानबाईचे दिवस नुकतेच सरले होते. वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला, उकाईत पाणी मावेना आणि धरणातून आठ लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावं लागलं. सुरतेजवळ तापीचं पात्र एवढं पाणी पोटात घेऊच शकत नाही. त्यात ९ तारखेला नारळी पौर्णिमा. पौर्णिमेच्या उधाणामुळे समुद्रही नदीचं पाणी चटकन घेत नव्हता. ७ ते ९ ऑगस्टच्या दरम्यान रांदेर, अडाजण, नानपुरा, कतारगाम, वेड रोड असं करत शहराचा बहुतांश भाग पाण्यात गेला. लोक गच्च्यांवर अडकले. वीज नाही, फोन नाही. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर नाही. वरून हेलिकॉप्टर पाकिटं टाकायचं. राखीपौर्णिमा त्या वर्षी अशी गेली.

आमच्या गल्लीत तापीचं पाणी पोहोचलं नव्हतं. त्यामुळे गल्लीचं एक मोठं स्वयंपाकघर झालं. गुजराती काकू थेपले आणि सुखडी करत होत्या, आमच्या आया पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. उत्तर प्रदेशातल्या एका भाभींनी लिट्ट्या भाजल्या. आम्ही मुलं पाकिटं बांधायचो आणि पाणी उतरेल तसतसं पुढे नेऊन वाटायचो. मी वेगळं काहीच करत नव्हते. सगळी गल्लीच करत होती.

पाणी ओसरलं आणि खरं काम सुरू झालं. घराघरात गुडघाभर गाळ, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं. बाहेरच्या शहरांतूनही सफाई कामगार आले. त्यांच्यामागून लेप्टोस्पायरोसिसची भीती आली. उंदीर, गुरं यांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततं. म्हणून वस्त्यांमध्ये डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल वाटायला शिबिरं लागली. माझं अक्षर बरं म्हणून मला केसपेपर लिहायला बसवलं.

“काय हुई राह्यनं तुले, माय?”

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी साठीच्या पुढची एक बाई रांगेत आली. डॉक्टर गुजरातीत विचारत होते, ती नुसती मान हलवत होती. कॅप्सूल घेऊन ती निघाली, तेव्हा तिची चाल मला बरी वाटली नाही. मी उठून आमच्या अहिराणीत विचारलं, “काय हुई राह्यनं तुले, माय?”

तिनं माझा हात धरला आणि रडायलाच लागली. चार दिवस ताप होता. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की रात्री झोप नव्हती. पोरगा आणि सून घरातला गाळ उपसत होते, त्यांच्या मागे आपलं दुखणं कशाला, म्हणून ती गप्प होती. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिचे डोळे बघितले आणि लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं. ती बरी होऊन घरी आली.

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी माझी जागा बदलली. केसपेपर दुसऱ्या मुलीकडे गेले आणि मला घरोघर पाठवलं. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, एक घेतली म्हणजे झालं असं नाही, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हे मराठीत, अहिराणीत, मोडक्या हिंदीत सांगत मी हिंडायचे. पाय चिखलानं सोलवटले होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला उद्याची वाट बघावीशी वाटायची. हिशेबाच्या वह्यांनी तसं कधी वाटलं नव्हतं.

मी त्याआधी कधी देवाला ‘माझं काम दाखव’ म्हणून विचारलं नव्हतं. आता मात्र वाटतं की ते असंच दाखवलं जातं. आकाशवाणी होत नाही. समोर एक माणूस अडलेलं असतं आणि त्याला जे हवं ते नेमकं आपल्याजवळ असतं. माझ्याजवळ होती ती माझी बोली. कॉलेजात जी बोलायची लाज वाटावी, अशी बोली.

घरात

नर्सिंगला जायचं म्हटल्यावर आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी जन्मभर धाग्याच्या धुळीत काढले ते तुला एसीत बसवायला. आणि तू लोकांची घाण काढणार?” त्यांचं चुकत नव्हतं. बारा तासांची पाळी करून ज्यानं लेकीला शिकवलं, त्याला तिच्यासाठी स्वच्छ खुर्ची हवी असणारच. आई एवढंच म्हणाली, “शिबिरातून रात्री यायची तेव्हा तिचं तोंड बघितलंत का तुम्ही?” आठवड्यानं आप्पांनी फॉर्मवर सही केली. २०२० मध्ये कोविड वॉर्डात माझी ड्यूटी लागली, तेव्हा डबा भरून देणारे तेच होते.

साथीच्या दिवसांत टिकलेली माणसं

आप्पांच्या पिढीला सुरतेची दुसरी आपत्तीही आठवते. सप्टेंबर १९९४ मध्ये इथं प्लेगची साथ आली. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून गेले. आम्हीही गावी गेलो, मी तेव्हा सहा वर्षांची होते. अनेक दवाखान्यांना कुलपं लागली. तरीही सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, नर्सेस, वॉर्डबॉय, सफाई कामगार कामावर राहिले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. ‘एसी टू डीसी’ हे त्यांचं सूत्र. म्हणजे थंड केबिन सोडून रोजच्या कामाच्या ठिकाणी जायचं. अधिकारी सकाळी रस्त्यावर दिसू लागले आणि रोज कचरा उचलला जाऊ लागला. आज आपण ज्या स्वच्छ सुरतेचं कौतुक पाहुण्यांना सांगतो, ती अशा रोजच्या कंटाळवाण्या कामातून झाली.

प्लेग म्हटलं की मला सावित्रीबाई आठवतात. १८४८ पासून त्यांनी मुलींना शिकवलं, ते आपण शाळेत वाचतो. पण १८९७ च्या प्लेगमध्ये त्या ६६ वर्षांच्या होत्या. मुलगा डॉ. यशवंत याचा दवाखाना पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जोतिराव देवाला ‘निर्मिक’ म्हणत. निर्मिकानं दिलेलं काम वयाबरोबर संपत नाही, हे त्या दोघांच्या घरात माहीत होतं.

आणखी एक उदाहरण आपल्या अलीकडच्या काळातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. मदतीचे ट्रक परत गेल्यावरही मुलं वाढायचीच असतात, त्यांना शाळा लागते, हे त्यांनी ओळखलं. पुढे २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये याच संघटनेनं ३६८ शाळा उभारल्या.

नोकरी बदलायलाच हवी असं नाही

हे वाचून कुणाला वाटेल की सेवा म्हणजे शिक्षण सोडून दुसरीकडे वळणं. तसं मुळीच नाही. आमच्या गल्लीतले एक फिटर काका पुरानंतर महिनाभर लोकांच्या बुडालेल्या पाण्याच्या मोटारी उघडून, वाळवून, फुकट चालू करून देत होते. मग ते परत आपल्या खात्यात गेले, पण गल्लीत आजही कुणाची मोटार बंद पडली की त्यांनाच हाक जाते. त्यांचं काम त्यांना आधीच सापडलेलं होतं. पुरानं ते फक्त इतरांना दाखवलं.

तेव्हा मुलांनो, स्वतःला तीन गोष्टी विचारून बघा. न सांगता तुम्ही कशाला हात घालता? अडचणीत लोक तुम्हाला कशासाठी हाक मारतात? आणि गाळ वाळल्यावर, फोटो काढणारे गेल्यावरही तुम्हाला काय करावंसं वाटतं? तिन्हीचं उत्तर एकच येत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, मग ते कॉम्प्युटर असो, स्वयंपाक असो की हिशेब. शिबिराला हिशेबनीसही लागतोच.

आणि त्यासाठी पुराची वाट बघायला नको. प्रथमोपचाराचा वर्ग करा. अठरा पूर्ण झाली असतील आणि तब्येत ठीक असेल तर रक्तदान करा. मुलांना दर तीन महिन्यांनी आणि मुलींना दर चार महिन्यांनी ते करता येतं. सरकारी दवाखान्यात गावाकडून आलेल्या माणसाला केसपेपरची खिडकी सापडत नसेल, तर त्याच्याशी त्याच्या बोलीत बोला. पाच मिनिटं लागतात. त्याचं निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिथंच मिळेल.