नोकरी सांभाळून पदव्युत्तर अध्ययन

सायंकाळी सहाच्या सुमारास फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या सुटून सारा लोंढा चर्चगेट स्थानकाकडे वळतो, तेव्हा त्यातलीच काही माणसे, रिकामा डबा बॅगेत तसाच ठेवून, स्थानकानजीकच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत वर्गाला जाऊन बसतात. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचा, तर नोकरदारांसाठी तीन वर्षांचा अंशकालीन अभ्यासक्रम चालत आला आहे. आणि हे अधिकचे वर्ष म्हणजे विद्यार्थ्याच्या परिस्थितीची विद्येने ठेवलेली जाण होय.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना कामावर जाण्यापूर्वी हजर राहता यावे, म्हणून वर्ग सकाळी भरविले.

तथापि संस्थेने वेळ जुळवून दिली, तरी उरलेला हिशेब विद्यार्थ्यालाच मांडावा लागतो. आठवड्याचे तास १६८. त्यांतून, समजा, कचेरीचे ४८, जाण्यायेण्याचे १५, झोपेचे ४९ आणि वर्गाचे १० वजा केले, तर ४६ उरतात, आणि स्नान-भोजन, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे औषधपाणी व स्वतःचे वाचन एवढे सारे त्यांतच बसवायचे असते. साहजिकच पुस्तकाला दिलेला तास बहुधा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. आणि शिकणारी गृहिणी असेल, तर तिच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणी उचलल्याखेरीज तो तास निघतच नाही.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी घरातली कोणती कामे कोणी करायची, हे सर्वांनी बसून ठरवावे. वर्गाच्या दिवशी वेळेवर सुटण्याची मुभा आणि परीक्षेच्या आठवड्याची रजा यांविषयी साहेबांकडे आगाऊ लेखी अर्ज करावा. आणि प्रकल्पाचा विषय, कचेरीची रीतसर परवानगी घेऊन, रोजच्या कामातूनच, म्हणजे मालाच्या साठ्याचा किंवा थकलेल्या वसुलीचा, निवडावा, म्हणजे एकच श्रम दोन्हीकडे उपयोगी पडतो. रात्री नऊनंतरच्या लोकलमध्ये बसावयास जागा मिळते खरी, पण त्या वाचनावर फार भिस्त ठेवू नये. शिणलेल्या डोळ्यांना तेव्हा टिपणे चाळणेच काय ते झेपते, आणि नवा सिद्धांत पहाटेच्या ताज्या तासासाठीच राखून ठेवावा लागतो.

केवळ जिद्दीच्या बळावर ही तीन वर्षे निभतात, असे मानणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे. शिकलेल्या कर्मचाऱ्याचा लाभ कचेरीलाही होतो, तेव्हा परीक्षेच्या काळात त्याची बदली वा दौरा लावू नये, एवढी तजवीज करणे हे तिचे कर्तव्यच आहे. आणि पदवी पदरात पडल्यावर, ज्यांनी घरात आपला वाटा सोडला, त्यांच्यापैकी कोणाला शिकावयाचे असेल, तर पुढची पाळी त्यांची असली पाहिजे.